जीवदयेला कायद्याचे बळ देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल

अहिंसा हा जैन धर्माचा प्राण होय. गावोगावच्या पांजरपोळी, गुरांसाठी बांधलेले पाण्याचे हौद, पक्ष्यांसाठी उभारलेले चबुतरे आणि पर्वकाळात खाटकाच्या दारातून सोडवून आणलेली जनावरे ही त्या अहिंसेची दृश्य रूपे आहेत. श्रावकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कमाईतील वाटा या कार्यासाठी बाजूला काढला आहे. तथापि, दानातून उभ्या राहिलेल्या या दयेला एक मर्यादा होती. जे जनावर पांजरपोळीच्या दारापर्यंत पोहोचले त्याचे दुःख हलके झाले. जे पोहोचले नाही ते सर्वस्वी आपल्या मालकाच्या मर्जीवर राहिले. अशा मुक्या जिवाच्या बाजूने राज्यसंस्थेनेही उभे राहिले पाहिजे, ही मागणी स्वतंत्र भारताच्या संसदेत ज्यांनी अत्यंत नेटाने मांडली, त्या श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्माने जैन नव्हत्या. भरतनाट्यम् या नृत्यशैलीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या थोर कलावती म्हणून जग त्यांना ओळखते. जीवदयेच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य मात्र त्या मानाने अल्पपरिचित राहिले. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या कार्याचे स्मरण उचित ठरेल.

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराई येथे एका सुसंस्कृत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील नीलकंठ शास्त्री हे सरकारी सेवेत अभियंता होते आणि थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांचे अनुयायी होते. सेवानिवृत्तीनंतर हे कुटुंब मद्रासमधील अड्यार येथे, सोसायटीच्या मुख्यालयाच्या परिसरात राहावयास आले. सर्व धर्मांविषयी आदर, सर्व जीवमात्रांविषयी बंधुभाव आणि शाकाहार हे संस्कार रुक्मिणीदेवींना येथेच लाभले. डॉ. अॅनी बेझंट यांचा सहवास त्यांना बालपणापासून मिळाला. त्यांच्या विचारांची घडण या वातावरणात झाली.

१९२० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, रुक्मिणीदेवींनी बेझंटबाईंचे निकटचे सहकारी व इंग्रज शिक्षणतज्ज्ञ डॉ. जॉर्ज अरुंडेल यांच्याशी विवाह केला. हा विवाह मुंबई येथे झाला. वर परदेशी, वयाने पंचवीस वर्षांहून अधिक मोठा, आणि वधू सनातनी घराण्यातील. त्यामुळे मद्रासच्या समाजात मोठी खळबळ उडाली. लोकनिंदा सहन करून आपल्या निश्चयावर स्थिर राहण्याचा पहिला धडा त्यांना या वेळी मिळाला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

दुसरा धडा नृत्याने दिला. १९२८ साली सुप्रसिद्ध रशियन नर्तकी अॅना पावलोवा मुंबईस आल्या असता अरुंडेल दांपत्याने त्यांचा कार्यक्रम पाहिला. पुढे जहाजप्रवासात त्यांचा परिचय दृढ झाला आणि पावलोवांनी रुक्मिणीदेवींना आपल्या देशाच्या नृत्यपरंपरेकडे वळण्याची प्रेरणा दिली. त्या काळी ‘सदिर’ या नावाने ओळखले जाणारे हे नृत्य देवदासींपुरते मर्यादित होते व प्रतिष्ठित कुटुंबे त्यापासून दूर राहत. रुक्मिणीदेवींनी मैलापूर गौरी अम्माळ आणि पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले आणि १९३५ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरकमहोत्सवात अड्यार येथे जाहीरपणे नृत्य सादर केले. मूळ परंपरेतील कलावंतांचे स्थान यामुळे मागे पडले, अशी टीकाही पुढे झाली. परंतु एका तिरस्कृत कलेला समाजात मानाचे स्थान मिळाले, हे सर्वांना मान्य करावे लागले.

१९३६ साली त्यांनी ‘कलाक्षेत्र’ या संस्थेची स्थापना केली. नृत्य व संगीत यांबरोबरच येथे हातमागाचाही विभाग सुरू झाला. गिरणीच्या कापडापुढे नामशेष होऊ लागलेले दाक्षिणात्य काठ, पदर आणि रंगसंगती यांना या हातमागांनी नवे जीवन दिले. कलाक्षेत्राच्या साड्यांची ख्याती आजही कायम आहे. त्यांपैकी बहुतेक साड्या रेशमी असत, हे पाहून जैन वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे, कारण रेशमाच्या धाग्यामागे कोशातील असंख्य जिवांची हिंसा असते. थोर व्यक्तीच्या चरित्रातही अहिंसेची वाट अपुरी राहिलेली दिसते, ती झाकण्याचे कारण नाही. रुक्मिणीदेवींच्या कार्याचे मोल ठरवताना त्यांनी किती अंतर कापले, हे पाहणे अधिक योग्य होय.

त्यांच्या संसदेतील कार्याकडे वळण्यापूर्वी त्यापूर्वीची स्थिती थोडक्यात जाणून घेतली पाहिजे. जनावरांना क्रूरतेने वागविणे हा गुन्हा ठरविणारा इंग्लंडमधील पहिला महत्त्वाचा कायदा १८२२ साली रिचर्ड मार्टिन या आयरिश सभासदाच्या प्रयत्नाने संमत झाला. त्यासाठी त्यांना सभागृहात पुष्कळ उपहास सोसावा लागला होता. १८२४ साली लंडन येथे प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. तिचा आदर्श समोर ठेवून १८६१ साली कलकत्त्यात कोल्सवर्दी ग्रँट यांनी, आणि १८७४ साली मुंबईत दयाळू नागरिकांनी, तशाच संस्था उभारल्या. मुंबईच्या परळ भागातील बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय १८८३ सालचे आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वाची ती साक्ष आजही उभी आहे. बंगाल प्रांताने १८६९ साली याविषयी कायदा केला आणि १८९० साली संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला.

परंतु १८९० चा कायदा फार तोकडा होता. तो प्रामुख्याने शहरांच्या हद्दीत लागू होत असे. त्याचे संरक्षण पाळीव व पकडून ठेवलेल्या प्राण्यांपुरते होते. क्रूरता रस्त्यावर किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी घडली तरच बहुधा तो उपयोगी पडे. तबेल्याच्या बंद दारामागे, आडगावच्या शेतात किंवा प्रयोगशाळेत काय चालते याच्याशी त्या कायद्याला फारसे कर्तव्य नव्हते. जणू जनावराच्या वेदनेपेक्षा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना होणारा त्रास टाळणे हाच त्याचा हेतू होता.

१९५२ साली राष्ट्रपतींनी रुक्मिणीदेवींची राज्यसभेवर नियुक्ती केली. १९५६ साली त्यांची फेरनियुक्ती झाली आणि १९६२ पर्यंत त्या सभागृहाच्या सदस्य राहिल्या. कलेच्या क्षेत्रातील नामवंत म्हणून त्या तेथे गेल्या होत्या. त्यांनी कलेविषयीच बोलावे, अशी अपेक्षा असणे साहजिक होते. परंतु त्यांनी हाती घेतला तो मुक्या प्राण्यांचा प्रश्न. जुन्या कायद्याच्या जागी व्यापक कायदा यावा यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. १९५४ च्या मार्च महिन्यात सभागृहात त्यावर चर्चा झाली.

काळ कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. अन्नधान्याची टंचाई होती, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या आणि पहिली पंचवार्षिक योजना चालू होती. माणसांचेच प्रश्न सुटलेले नसताना जनावरांसाठी कायदा कशाला, असे वाटणारे लोक पुष्कळ होते. दुसरीकडे वैद्यकीय संशोधनासाठी प्राण्यांवर प्रयोग होत होते आणि त्यासाठी भारतातून परदेशी पाठविल्या जाणाऱ्या माकडांची संख्या हजारोंच्या घरात होती. अशा विषयांवर निर्बंध येणे शासनाला अडचणीचे वाटले, तर नवल नाही.

पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी विधेयकामागील भावनेविषयी आस्था व्यक्त केली. शासन या प्रश्नाचा अभ्यास करून स्वतः विधेयक आणील, असे आश्वासन देऊन त्यांनी रुक्मिणीदेवींना आपले विधेयक मागे घेण्याची विनंती केली. हा क्षण त्यांच्या कसोटीचा होता. मतदानाचा आग्रह धरला असता तर विधेयक बहुधा पडले असते, पण त्यांची तत्त्वनिष्ठा गाजली असती. मागे घ्यावे तर विषय कायमचा बारगळण्याची भीती होती, कारण आश्वासनांच्या फाइली कशा धूळ खात पडतात हे त्याही काळी लोकांना ठाऊक होते. रुक्मिणीदेवींनी आपले विधेयक मागे घेतले. स्वतःच्या नावाचा कायदा होण्यापेक्षा कायदा होणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

शासनाने समिती नेमली. समितीने जुन्या कायद्यातील उणिवा दाखवून दिल्या. तरी प्रत्यक्ष कायदा होण्यास सहा वर्षे लागली. या काळात रुक्मिणीदेवी स्वस्थ बसल्या नाहीत. १९५५ पासून त्या आंतरराष्ट्रीय शाकाहार संघाच्या उपाध्यक्ष होत्या. १९५७ साली जागतिक शाकाहार परिषद प्रथमच भारतात भरली आणि मुंबईसह अनेक शहरांत तिची अधिवेशने झाली. १९५६ साली त्यांना ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. कलाक्षेत्राचे कार्य, रामायणावरील नृत्यनाट्यांची मालिका आणि दिल्लीतील पाठपुरावा हे सर्व त्यांनी एकाच वेळी सांभाळले. डॉ. अरुंडेल १९४५ सालीच निवर्तले होते. ही सारी धुरा त्यांनी एकटीने वाहिली.

अखेर १९६० सालच्या डिसेंबर महिन्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा संमत झाला व २६ डिसेंबर रोजी त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. या कायद्याने ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्याच बदलली. मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी त्यात समाविष्ट झाला. कायद्याचे क्षेत्र शहरांच्या वेशीबाहेर गेले आणि तबेल्याचे बंद दार त्याच्या आड येईनासे झाले.

या कायद्याचे अकरावे कलम जैन वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जनावराला जखडून ठेवणे, त्याला मारणे, त्याचे अवयव कापणे, त्याच्यावर बेसुमार ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे, असे हे पाच दोष. अकराव्या कलमात आखूड अथवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, मारहाण करणे, अवयव छाटणे, अतिभार लादणे आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे सर्व गुन्हे म्हणून नोंदविले आहेत. आजारी जनावरास कामाला जुंपणे, त्याला बेवारस सोडून देणे व प्राण्यांच्या झुंजी लावणे यांचीही त्यात भर आहे. दूध काढण्यासाठी गाईम्हशींवर होणारा ‘फुंका’ हा अघोरी प्रकार स्वतंत्र कलमाने दंडनीय ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांनी जैन ग्रंथ समोर ठेवले होते, असे म्हणण्यास आधार नाही. दोन्हीकडे जनावराचे दुःख बारकाईने पाहिले गेले, म्हणून दोन्ही याद्या इतक्या जवळ आल्या.

मात्र हा कायदा म्हणजे पूर्ण अहिंसा नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अन्नासाठी होणारी हत्या त्याने थांबविली नाही. अनावश्यक यातना देऊ नयेत, एवढेच बंधन घातले. अठ्ठाविसाव्या कलमाने धर्माच्या रीतीनुसार होणारा पशुवध गुन्ह्यातून वगळला. वैज्ञानिक प्रयोगांना मनाई न करता त्यांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद केली. अकराव्या कलमाखालील पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड ठरला आणि रुपयाची किंमत घसरत गेली तरी तो दशकानुदशके तसाच राहिला. ५० रुपये भरून सुटता येते असे कळल्यावर क्रूर माणसाला कायद्याचा धाक उरत नाही. जीवदयेच्या कार्यकर्त्यांनी या उणिवांवर बोट ठेवले ते योग्यच होय.

असा अपुरा कायदा स्वीकारण्यात रुक्मिणीदेवींची चूक झाली काय? या प्रश्नाचे उत्तर जैन आचारधर्मातच सापडते. महाव्रते साधूंसाठी आहेत आणि अणुव्रते गृहस्थांसाठी. गृहस्थाला महाव्रत पेलत नाही म्हणून आचार्यांनी त्याला व्रताविना सोडले नाही. त्याला झेपेल असे अणुव्रत दिले आणि पुढची वाट मोकळी ठेवली. जो समाज अनेक धर्मांचा, अनेक आहारपद्धतींचा आहे, त्याने एकत्रितपणे घेतलेले अणुव्रत असे या कायद्याचे स्वरूप आहे. अणुव्रत घेऊन थांबणारा श्रावक प्रगती करीत नाही, ही गोष्ट वेगळी. रुक्मिणीदेवी थांबल्या नाहीत.

याच कायद्याच्या चौथ्या कलमात प्राणी कल्याण मंडळाची तरतूद होती. १९६२ साली भारतीय प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मंडळाचे मुख्यालय मद्रासला होते. आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे २४ वर्षे, त्यांनी हे पद सांभाळले. कायदा संमत झाला म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. कायद्यातील मोघम शब्दांना नियमांनी निश्चित रूप येऊ लागले. ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीचे नियम १९६५ साली झाले. जनावरास दिवसात ९ तासांहून अधिक व विश्रांतीविना सलग ५ तासांहून अधिक काम देऊ नये, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जाते अशा भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यास जुंपू नये, असे त्यात नमूद आहे. १९७३ साली खेळ करणाऱ्या प्राण्यांविषयी व १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीविषयी नियम आले. त्याच १९७८ साली शासनाने माकडांची निर्यात बंद केली. मंडळाकडून अनेक ठिकाणच्या जीवदया संस्थांना अनुदान मिळू लागले आणि दात्यांच्या देणगीवर चालणाऱ्या कार्याला शासनाचा हातभार लागला.

१९७७ साली एक विलक्षण घटना घडली. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी रुक्मिणीदेवींपुढे राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीचा प्रस्ताव ठेवला. मोरारजीभाई स्वतः निष्ठावान शाकाहारी होते. देशातील सर्वोच्च पद चालून आले असता रुक्मिणीदेवींनी ते नम्रपणे नाकारले आणि कलाक्षेत्र व प्राणी कल्याण मंडळ या आपल्या कामांतच त्या रमल्या. ज्यांनी कधी काळी विधेयक मागे घेताना नावाचा मोह बाजूला ठेवला होता, त्यांनी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पदाचा मोहही तितक्याच सहजतेने बाजूला ठेवला. अपरिग्रह केवळ धनाचाच नसतो, याचे हे उदाहरण होय.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी मद्रास येथे रुक्मिणीदेवींचे देहावसान झाले. १९९३ साली संसदेने स्वतंत्र कायदा करून कलाक्षेत्राला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. प्राणी कल्याण मंडळाचे मुख्यालय २०१८ साली हरियाणातील बल्लभगड येथे हलविण्यात आले.

त्यांच्या कायद्याची वाटचाल त्यांच्यानंतरही चालू राहिली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ करण्यास त्याच कायद्याच्या बाविसाव्या कलमाखाली बंदी आली. २०११ साली त्या यादीत बैलाचा समावेश झाला. २०१४ साली प्राणी कल्याण मंडळाने लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींविरुद्ध निकाल दिला आणि प्राण्यांच्या सन्मानाने जगण्याचा विचार मांडला. पुढे २०१७ साली महाराष्ट्र, तमिळनाडू व कर्नाटक यांनी आपापल्या राज्यांपुरती कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. महाराष्ट्रात शर्यती अटींसह पुन्हा सुरू झाल्या. कायद्याने दिलेले संरक्षण लोकमत बदलले की कायद्यानेच कमी होऊ शकते, हे यातून दिसून आले. म्हणूनच कायदा आणि लोकमन या दोन्ही आघाड्यांवर काम करणाऱ्या रुक्मिणीदेवींची दृष्टी किती दूरवरची होती, हे ध्यानात येते.

आज पांजरपोळीत जनावर येते ते पुष्कळदा पोलिसांनी अडविलेल्या वाहनातून येते. पाय बांधून, दाटीवाटीने, अन्नपाण्याविना कोंबलेल्या त्या जिवांची सुटका होते ती १९६० चा कायदा व १९७८ चे वाहतूक नियम यांच्या आधारावर. त्या अर्थाने जीवदयेच्या प्रत्येक संस्थेच्या दाराशी रुक्मिणीदेवींचे ऋण उभे आहे. परंतु कायदा स्वतः चालत येत नाही. अतिभार लादलेल्या बैलाची तक्रार बैल करू शकत नाही. ती कोणीतरी माणसाने करावी लागते. तक्रार करणारा, साक्षीला उभा राहणारा आणि न्यायालयाच्या तारखांना हजर राहणारा श्रावक जर मिळाला नाही, तर अकरावे कलम पुस्तकातच राहते. देणगीची पावती फाडणे सोपे असते, साक्षीदाराचे काम कठीण असते. तेही जीवदयेचेच काम आहे, हे जैन समाजाने मनावर घेतले पाहिजे.

परधर्मात जन्मलेल्या एका कलावतीने जैनांच्या प्राणप्रिय तत्त्वाला देशाच्या कायद्यात जागा मिळवून दिली. जागा लहान होती. पण मिळालेली जागा सोडावयाची नाही आणि वाढविल्याविना राहावयाचे नाही, हा त्यांच्या जीवनाचा संदेश आहे. जीवमात्रांच्या या मातेच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!